प्लस वीस जी

सर्व्हरवर जागा वाढवून देणं हे माझ्या कामातलं सगळ्यात सोपं काम आणि दिलेली जागा परत घेणं हे सगळ्यात नकोसं. वाढवायला एक कमांड पुरते, चालू कामात कुणाला पत्ताही लागत नाही. परत घ्यायची तर रविवारची रात्र मागून घ्यावी लागते, काम थांबवावं लागतं, आधी बॅकअप, मग तपासणी, मग कापाकापी. आणि फाइल सिस्टिम एक्सएफएस असेल तर कापाकापीचीही सोय नाही. सगळं उचलून दुसरीकडे ठेवायचं, मोडायचं, पुन्हा बांधायचं. पुण्यात बसून पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचे, पतसंस्थांचे आणि काही कॉलेजांचे लिनक्स सर्व्हर सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली. माझ्या कामाच्या बहुतेक सवयी देणं सोपं, परत घेणं अवघड या एका गोष्टीवरून पडल्या आहेत.

मशीन ओळखीचं असो की अनोळखी, लॉग-इन झाल्यावर पहिल्या तीन कमांड ठरलेल्या: पीव्हीएस, व्हीजीएस, एलव्हीएस. तिन्ही नुसत्या बघण्याच्या, काही बिघडवत नाहीत. पहिली सांगते खरोखरच्या डिस्क कोणत्या. दुसरी सांगते त्या डिस्क एकत्र करून केलेले गट, म्हणजे व्हॉल्यूम ग्रुप, कोणते. तिसरी सांगते त्या गटांतून काढून दिलेले लॉजिकल व्हॉल्यूम कोणते आणि केवढे. नवखा माणूस तिसरीकडे बघतो. माझी नजर दुसरीच्या शेवटच्या रकान्यावर जाते. त्यावर ‘व्हीफ्री’ असं लिहिलेलं असतं: गटातली अजून कुणालाच न दिलेली जागा. तिथे शून्य दिसला की समजायचं, मशीन लावणाऱ्याने पहिल्याच दिवशी सगळं वाटून टाकलंय आणि त्याचं पुढचं निस्तरणं आता आपल्याकडे आलंय.

यामागची यंत्रणा, एलव्हीएम म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर, ऐकायला बोजड आहे, आतून फार साधी. गटात आलेल्या प्रत्येक डिस्कचे सारख्या आकाराचे तुकडे पडतात. वेगळं काही सांगितलं नाही तर तुकडा ४ एमबीचा. ३०० जीबीचा व्हॉल्यूम म्हणजे असे ७६,८०० तुकडे. ते एकमेकांना लागून असले पाहिजेत असं नाही, एकाच डिस्कवर असले पाहिजेत असंही नाही. वर बसलेल्या डेटाबेसला ती एक सलग डिस्कच दिसते. कुठला तुकडा कुठे याची नोंद एलव्हीएम ठेवतं आणि आलेली प्रत्येक मागणी योग्य ठिकाणी पोचवण्याचं काम कर्नलमधला डिव्हाइस मॅपर करतो. ‘डीएमसेटअप टेबल’ अशी कमांड मारली की त्याच्या डोक्यात काय आहे ते उघडं दिसतं. एखाद्या व्हॉल्यूमची ओळ अशी असते: शून्य, ६२९१४५६००, लिनिअर, ८:१७, २०४८. म्हणजे या व्हॉल्यूमच्या शून्याव्या सेक्टरपासून पुढचे इतके सेक्टर, ज्यांचे ३०० जीबी होतात, ते ८:१७ क्रमांकाच्या पार्टिशनवर २०४८ व्या सेक्टरपासून ओळीने आहेत. संपलं. व्हॉल्यूम वाढवला की यातला एक आकडा बदलतो किंवा खाली आणखी एक ओळ येते; डेटा जागचा हलत नाही. सेकंदात काम होतं ते म्हणूनच. नव्या मुलांना मी फळ्यावर आकृत्या काढून दाखवत नाही, ही ओळ दाखवतो. ज्याला ती कळली त्याला बाकीचं फारसं सांगावं लागत नाही.

कल्पना मूळची लिनक्सची नव्हे. आयबीएमच्या एआयएक्समध्ये आणि एचपीच्या एचपी-यूएक्समध्ये ती आधीपासून होती. हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये लिनक्ससाठी एलव्हीएम लिहिलं ते एचपी-यूएक्सचा नमुना समोर ठेवून. ज्या सिस्टिना कंपनीत ते वाढलं ती २००३ च्या अखेरीस रेड हॅटने विकत घेतली. त्याच सुमारास आलेल्या २.६ च्या कर्नलमध्ये डिव्हाइस मॅपर दाखल झाला आणि आज आम्ही वापरतो ते एलव्हीएम २ त्यावर उभं आहे. माझे पहिले वरिष्ठ एचपी-यूएक्सवर मुरलेले. लिनक्सबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. पण पीव्हीक्रिएट, व्हीजीक्रिएट, एलव्हीक्रिएट ही नावं इथेही तीच असल्याने त्यांचा हात कुठे अडखळला नाही. त्यांचा एक नियम होता आणि तेव्हा मला तो निव्वळ कंजूषपणा वाटायचा: मागेल त्याच्या निम्मं द्यायचं, उरलेलं गटात तसंच ठेवायचं. “मागणारा अंदाजाने मागतो. सहा महिन्यांनी वापर कळेल, तेव्हा वाढवू,” म्हणायचे. लोक त्यांच्यावर चिडत. ते चहा मागवत आणि निम्मंच देत.

कारखान्यांशी माझा संबंध बराचसा फोनवरचा. तिथला संगणक विभाग, जुन्या भाषेत ईडीपी, म्हणजे दोन-तीन माणसं. इंटरनेट असेल तर मी पुण्यातून आत शिरतो. नसेल तेव्हा कमांड तोंडी सांगावी लागते. रात्री फोन येतो: “सर, मशीन काय घेईना झालंय. जागा न्हाई म्हनतंय.” मग आमचं सुरू होतं. “एल व्ही एक्स्टेंड, सगळं जोडून. आता स्पेस. वजा, छोटा आर. स्पेस. वजा, कॅपिटल एल. स्पेस. आता प्लस. प्लस दिलास? वीस. जी. स्पेस. पुढे व्हॉल्यूमचं नाव. एंटर मारू नको. वाचून दाखव.” पोरगा अक्षर अक्षर वाचून दाखवतो. मी डोळे मिटून ऐकतो, कारण डोळे उघडे असले की आपल्याला हवं तेच ऐकू येतं असा माझा अनुभव आहे.

सगळा जीव त्या प्लसमध्ये. प्लस असेल तर आहे त्यात वीस जीबी घाल. प्लस नसेल तर एकूण वीस जीबी कर. शंभर जीबीच्या व्हॉल्यूमवर प्लस राहून गेला आणि कमांड एलव्हीरिसाइझ असली, तर तिच्या दृष्टीने हा ऐंशी जीबी कापून टाकण्याचा हुकूम होतो. ती इशारा देते, डेटा जाईल म्हणून सांगते, होय की नाही विचारते. पण रात्री दोन वाजता, बाहेर माणसं खोळंबलेली असताना, इंग्रजी इशारे कोण वाचतो? बोट वायवर जातं. म्हणून आमच्याकडे एलव्हीरिसाइझ ही कमांड मी कुणालाच शिकवत नाही. एलव्हीएक्स्टेंडला फक्त वाढवता येतं. प्लस विसरून तिला शंभराचे वीस करायला सांगितलं तर नवा आकार आधीपेक्षा मोठा नाही असं सांगून ती मोकळी होते. चूक होणारच असेल तर ती जिथे निरुपद्रवी ठरते तिथेच होईल अशी व्यवस्था करून ठेवणं, एवढंच आपल्या हातात असतं.

छोटा आर विसरला तर नुकसान नाही, फक्त आणखी एक फोन येतो. व्हॉल्यूम वाढलेला असतो, पण आतल्या फाइल सिस्टिमला कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे डीएफ जुनाच आकडा दाखवतं आणि पोरगा म्हणतो, “काय बी फरक न्हाई सर.” मग ईएक्सटी ४ असेल तर रिसाइझ २ एफएस, एक्सएफएस असेल तर एक्सएफएस ग्रोएफएस.

प्लसच्या उलट्या बाजूची चूक मात्र मला जास्त खुपते, कारण तिच्यात कसलाच इशारा नाही. शंभरचे एकशेवीस करायचे असतात आणि कुणीतरी ‘प्लस एकशेवीस’ टाइप करतं. दोनशेवीस होतात. डेटा जात नाही, काही थांबत नाही, सगळे खूश. शंभर जीबी उगाच गेले आणि वर एक्सएफएस असेल तर गेले ते गेलेच. याहून वाईट म्हणजे ती ओळ, जी मला जिथे तिथे आढळते: वजा छोटा एल, शंभर टक्के फ्री. कॅपिटल एलला आकार सांगायचा असतो, छोट्या एलला तुकड्यांची संख्या किंवा टक्के. शंभर टक्के फ्री म्हणजे गटात असेल नसेल ते सगळं या एकाला देऊन टाक. शिकवणाऱ्याला ती सोयीची पडते, हिशेब करावा लागत नाही. माझं मत विचाराल तर नवशिक्यांच्या धड्यांतून ती ओळ काढून टाकायला हवी.

वाटून टाकण्यात इन्स्टॉलरही माणसांना हार जात नाहीत. सेंटओएस ७ ला पार्टिशनचं तूच बघ म्हणून सांगितलं आणि डिस्क मोठी असली, तर तो रूटला ५० जीबी देई, थोडं स्वॅपला, आणि उरलेलं झाडून सगळं होमला. रूट आणि होम दोन्हींवर एक्सएफएस. आता पतसंस्थेच्या सर्व्हरवर होममध्ये कोण राहतं? तिथे कुणी माणूस लॉग-इनच होत नाही. डेटाबेस व्हारमध्ये, म्हणजे रूटमध्ये. अशा एका मशीनवर मी गेलो तेव्हा रूट काठोकाठ भरलेला होता आणि शेजारी होममध्ये नऊशे जीबीच्या आसपास जागा कुणी राहत नसलेल्या बंगल्यासारखी पडून होती. व्यवस्थापक पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, “अहो, एवढी जागा दिसतेय ना इथे? मग भरली कशी?” त्यांचं चुकलं नव्हतं. जागा होती. त्यांच्या कामाच्या बाजूला नव्हती, एवढंच. होममध्ये जे थोडंफार होतं ते बाहेरच्या डिस्कवर काढलं, दोनदा ताडून पाहिलं, एलव्हीरिमूव्हने होम मोडलं, रूटला गरजेपुरतं दिलं, होम पुन्हा लहानसं बांधलं आणि बाकीचं सोडून दिलं. व्हीफ्रीखाली पहिल्यांदाच आकडा उमटला. व्यवस्थापकांना वाटलं काम अर्धंच राहिलं.

होम जवळजवळ रिकामं होतं म्हणून ते निभावलं. भरलेला ईएक्सटी ४ लहान करायचा असतो तेव्हा क्रमाला फार महत्त्व. वाढवताना आधी व्हॉल्यूम, मग फाइल सिस्टिम. घटवताना आधी फाइल सिस्टिम, मग व्हॉल्यूम. पाचशेचा तीनशे करायचा तर मी तो अनमाउंट करतो, ई २ एफएससीके सक्तीने चालवतो, फाइल सिस्टिम तीनशे नव्हे, दोनशे नव्वदवर आणतो, मग व्हॉल्यूम तीनशेवर कापतो आणि शेवटी फाइल सिस्टिमला सांगतो, आता आहे तेवढं पसर. दहाचं अंतर कशाला? एका ठिकाणी जीबी म्हणजे काय आणि दुसऱ्या ठिकाणी काय, या घोळात शेवटचे काही एमबी कात्रीखाली येऊ नयेत म्हणून. एलव्हीएमच्या अहवालांत छोटा जी १०२४ च्या पटीत मोजतो आणि कॅपिटल जी १००० च्या; हे ज्याच्या लक्षात राहतं तो दहाचं अंतर ठेवतोच.

घेणं जितकं अवघड तितकंच, आश्चर्य म्हणजे, हलवणं सोपं. पीव्हीमूव्ह या कमांडबद्दल मला जो आदर आहे तो फार थोड्या सॉफ्टवेअरबद्दल आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातला एक कारखाना. ऐन हंगाम, गाळप जोरात. वजनकाट्याचा सगळा डेटा ज्या सर्व्हरवर, त्याच्या डेटाच्या डिस्कने अंग काढायला सुरुवात केली होती. स्मार्टसीटीएलच्या अहवालात बदललेल्या सेक्टरांचा आकडा रोज चढत होता. वाचताना अजून अडत नव्हतं, पण ते किती दिवस टिकेल हे सांगणं अवघड होतं. रेड, म्हणजे डेटाची दुसऱ्या डिस्कवर जोडप्रत, नव्हतं, खरेदीच्या वेळी तो खर्च वाचवलेला. नेहमीचा मार्ग म्हणजे काम बंद करा, बॅकअप घ्या, नव्या डिस्कवर उतरवा. मी तसं सुचवलं तेव्हा संगणक विभागाचे प्रमुख माझ्याकडे नुसते बघत राहिले. “काटा बंद करायचा? सर, जरा भाईर येऊन बघा.” बाहेर फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रक, ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मध्येच बैलगाड्या. भरलेली गाडी काट्यावर येते, वजन होतं, ऊस उतरतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर, पुन्हा वजन, दोहोंतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा ऊस, आणि पावती. त्या पावतीवर उसाचं बिल, तोडणीचे पैसे, वाहतुकीचे पैसे. काटा तासभर थांबला तर रांग हमरस्त्यावर जाते आणि फोन थेट अध्यक्षांना जातो.

तेव्हा चालू काट्यावरच. नवी डिस्क रिकाम्या खाचेत सरकवली, पीव्हीक्रिएटने तिला तयार केलं, व्हीजीएक्स्टेंडने गटात घेतलं. मग पीव्हीमूव्ह, जुनी डिस्क, नवी डिस्क, एंटर. पडद्यावर ठरावीक वेळाने एक एक ओळ येऊ लागली: इतके टक्के हलले. वर काट्यावर पावत्या फाटत होत्या आणि खालून त्यांच्या पायाखालची जमीन सरकवली जात होती.

आत काय चालतं ते कळल्यावर माझी भीती बरीच गेली होती. पीव्हीमूव्ह तुकडे उचलून टाकत नाही. ज्या भागाची पाळी असेल त्याचा ते तात्पुरता आरसा करतं: जुन्या जागेची नव्या जागी प्रत उतरत असते आणि दरम्यान त्या भागावर काही नवं लिहिलं गेलं तर दोन्हीकडे लिहिलं जातं. प्रत पूर्ण झाली की नोंदवही बदलते आणि जुनी जागा सुटते. मग पुढचा भाग. म्हणजे कुठल्याही क्षणी मशीन बंद पडलं तरी प्रत्येक तुकड्याची निदान एक पुरी प्रत असतेच, आणि ती कुठे हे लिहिलेलं असतं. एलव्हीएसला सगळं दाखव असं सांगितलं तर चौकटी कंसात पीव्हीमूव्ह शून्य नावाचा एक व्हॉल्यूम दिसतो. तोच तो आरसा.

हे सगळं पुस्तकात वाचलेलं. पहाटे टर्बाइन ट्रिप झालं. हंगामात कारखाना स्वतःच्या बगॅसवर स्वतःची वीज करतो, त्यामुळे तिथे दिवे जाणं ही आमच्या शहरी लोडशेडिंगसारखी सवयीची गोष्ट नाही; गिरणीचा आवाज थांबतो आणि तो थांबलेला आवाज अंगावर येतो. यूपीएसच्या बॅटऱ्या नावाला होत्या. पडदा काळा झाला तेव्हा टक्क्यांचा आकडा निम्म्याच्या पुढे गेलेला होता. प्रमुखांनी कुणाला काही न बोलता जुनं पावतीपुस्तक काढलं आणि काट्यावर धाडलं. तेवढी तयारी त्यांची कायम असते, आणि मला वाटतं कारखाना संगणकावर चालत नाही, या पुस्तकावर चालतो.

वीज आली, मशीन उठलं, फाइल सिस्टिमने आपली जर्नल तपासून स्वतःला सावरलं. काट्याचं सॉफ्टवेअर चालू झालं, शेवटची पावती शाबूत होती. मी पीव्हीमूव्ह एवढंच टाइप केलं. कुठली डिस्क, कुठे न्यायचं, काही सांगायचं नाही. ते जिथे थांबलं होतं तिथून स्वतःच पुढे चालू लागलं. सकाळच्या पाळीची माणसं आली तेव्हा जुन्या डिस्कवर एकही तुकडा राहिला नव्हता. व्हीजीरिड्यूसने ती गटातून काढली, पीव्हीरिमूव्हने तिच्यावरची खूण पुसली आणि खाचेतून ओढली. प्रमुखांनी ती हातात घेऊन वजन केल्यासारखी उचलून बघितली. “झालं? काटा तर बंद पडलाच न्हाई.” मग जरा थांबून, “टर्बाइन सोडून.”

या सगळ्याच्या मागे जी नोंदवही आहे तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एलव्हीएमच्या नोंदी म्हणजे साधा वाचता येणारा मजकूर. प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीच्या भागात असतो आणि शिवाय ईटीसीखाली एलव्हीएमच्या फोल्डरमध्ये त्याची प्रत पडते. बदल करणारी प्रत्येक कमांड चालण्याआधी त्या वेळची स्थिती अर्काइव्हमध्ये जाते, वर वेळ आणि कुठली कमांड येणार होती तेही लिहून. एका कॉलेजात ग्रंथालयाने स्कॅन केलेल्या जुन्या हस्तलिखितांचा व्हॉल्यूम, दुसऱ्या मशीनवर हलवण्यासाठी अनमाउंट करून ठेवलेला, कुणीतरी जुना बॅकअप समजून एलव्हीरिमूव्ह केला. माउंट असता तर काढता आला नसता. ग्रंथपालबाईंचा आवाज फोनवर ऐकवत नव्हता. मी एकच विचारलं: त्यानंतर त्या गटात नवं काही बनवलं का? नाही. मग हात लावू नका. व्हीजीसीएफजीरिस्टोअरला यादी मागितली, एलव्हीरिमूव्हच्या लगेच आधीची नोंद निवडली, ती परत बसवली, व्हॉल्यूम चालू केला, आधी नुसता वाचण्यापुरता माउंट केला. सगळं होतं. पुसलं गेलं होतं ते फक्त कुठला तुकडा कुणाचा हे. ती साधी फिरती डिस्क होती आणि काढताना तुकडे रिकामे झाल्याचं डिस्कला कळवण्याची सोय मूळ मांडणीप्रमाणे बंद होती, म्हणून हे जमलं. आणि गटात भरपूर जागा सुटी होती, म्हणून त्या तुकड्यांवर दुसऱ्या कुणाला बसवायची वेळ आली नव्हती.

स्नॅपशॉटबद्दल माझं मत बरं नाही, किंवा स्नॅपशॉटबद्दल नाही, तो वापरणाऱ्यांबद्दल. सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याआधी तासाभरापुरता स्नॅपशॉट घ्यावा, बिघडलं तर एलव्हीकन्व्हर्टने मागे यावं, बिघडलं नाही तर लगेच काढून टाकावा. पण लोक त्याला बॅकअप म्हणतात आणि महिनोन्महिने ठेवतात. मूळ व्हॉल्यूमवर काही बदललं की जुना मजकूर आधी स्नॅपशॉटच्या जागेत उतरवला जातो. दर बदलाला ही दुप्पट मेहनत. त्याला दिलेले दहा जीबी एखाद्या रात्रीच्या रिपोर्टात संपतात आणि मग तो अवैध ठरतो. मूळ डेटाला धक्का लागत नाही, फक्त ज्या दिवशी तुम्ही त्याच्याकडे धावत जाता त्या दिवशी तिथे काही नसतं. आणि असता तरी तो त्याच डिस्कवर होता.

थिन व्हॉल्यूम हा त्यापुढचा प्रकार: नसलेली जागाही कागदावर देता येते. तीन खात्यांना प्रत्येकी एक टीबी, खाली पूल दीड टीबीचा. सगळे खूश असतात कारण सगळे एकदम वापरत नाहीत. पूल आपोआप वाढवण्याची मर्यादा मूळ मांडणीत शंभर टक्क्यांवर असते, म्हणजे सोय बंद. तो भरला की लिहिणारे आधी खोळंबतात आणि मग चुका येऊ लागतात, त्याही तिन्ही खात्यांना एकदम. मोठ्या डेटा सेंटरमध्ये, जिथे कुणीतरी सतत आकड्यांवर डोळा ठेवून असतो, तिथे हे शोभतं. दोन माणसांच्या ईडीपीत मी ते लावत नाही.

३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चा आधार संपला, त्यामुळे गेल्या काही काळात बऱ्याच ठिकाणी नव्याने मांडणी करायचा योग आला. कोल्हापूरकडच्या त्याच कारखान्यात नवा सर्व्हर लावताना या वेळी रेड होतं, प्रमुखांनी ते भांडून मंजूर करून घेतलं होतं. मी रूटला चाळीस दिले, डेटाला त्यांनी मागितले त्याच्या निम्मे, आणि चारशेहून अधिक जीबी गटात तसेच ठेवले. प्रमुख काही बोलले नाहीत. डिसेंबरात त्यांनी स्वतःच डेटा वाढवला आणि नंतर फोन करून कळवलं: “प्लस वीस जी दिलं. प्लस धरून.”

अंतर्गत तपासणी झाली तेव्हा संगणक विभागाच्या अहवालात एक शेरा आला: सर्व्हरवरील साठवण क्षमतेपैकी मोठा भाग विनावापर पडून आहे, खुलासा करावा. खुलासा मीच लिहून दिला. हंगामात डेटा किती वेगाने वाढतो, एक्सएफएस लहान का करता येत नाही, डिस्क बिघडल्यास तुकडे हलवायला जागा का लागते, सगळं एका पानात, सोप्या शब्दांत. प्रमुखांनी वाचलं, सही केली, पाठवलं. मान्य झाला की नाही ते कुणी कळवलं नाही. पुढच्या वर्षीच्या डिस्क खरेदीचा प्रस्ताव मात्र परत आला तो जुना शेरा टाचणीने जोडूनच.